नखभर ढील

यंत्रांचीं दुखणीं आणि माणसांचीं दुखणीं यांत एक साम्य आहे. दुखणें जेथें बोलतें, तेथें तें पुष्कळदां नसतें. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्यास लेप लावावा आणि मूळ विकार कमरेंत निघावा, हा अनुभव प्रत्येक कुटुंबांत कोणाला ना कोणाला आलेला असतो. मोटारीच्या बाबतींत असाच एक अनुभव गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं आला. त्यांत एक वडील माणूस मोठ्या संकटांतून वांचलें, घरांतील एक जुनी वस्तु विकली जाण्याच्या बेतांत होती ती राहिली, आणि सहा दिवस आम्ही ज्याच्या शोधांत होतों तें शेवटीं आम्हांपैकीं कोणाच्याहि मनांत न आलेल्या जागीं सांपडलें. ज्यांच्या दारीं जुनी मोटार, जुना पंप किंवा नुसतें जुनें शिवणयंत्र आहे, त्यांना हा वृत्तान्त उपयोगीं पडेल अशा समजुतीनें तो येथें देत आहों.

आमचें घर हिंगोली जिल्ह्यांतील वसमत येथें. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हांपासून आम्ही हिंगोलीकर झालों. एरवीं वाडा तोच, माणसें तींच. वसमतचें नांव दूरवर आहे तें हळदीच्या बाजारामुळें. अशा गांवांत ट्रायम्फ टी. आर. ३ ही दोघांना बसण्याजोगी, उघड्या टपाची इंग्रजी धांवती मोटार काय करीत होती, असा प्रश्न पाहुण्यांना नेहमीं पडतो. आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणे, मुंबईस नोकरीस होते. तेथें एका गृहस्थाकडून त्यांनीं ती जुनी म्हणून विकत घेतली, आणि निवृत्त होऊन गांवीं परततांना आपल्या पुस्तकांच्या पेट्यांबरोबर तीहि आणली. दादांना जाऊन तीन वर्षें झालीं. गाडी आतां त्यांचे चिरंजीव चालवितात. परंतु खरें सांगावयाचें तर ती साऱ्या घराची होती, आणि तिच्याविषयीं मत देण्याचा अधिकार सात वर्षांच्या नातीपासून सत्त्याहत्तर वर्षांच्या आमच्या अक्कांपर्यंत सर्वांना सारखाच होता.

या मोटारीच्या कुळाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढें त्यांचें काम पडणार आहे. इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री येथील स्टॅन्डर्ड मोटार कंपनीनें दुसरें महायुद्ध संपल्यावर ‘व्हॅनगार्ड’ नांवाच्या घरगुती मोटारीसाठीं एक चार सिलिंडरांचें दणकट इंजिन तयार केलें. तेंच इंजिन थोड्याफार फरकानें हॅरी फर्ग्युसन यांच्या लहान करड्या ट्रॅक्टरांत गेलें. हे ट्रॅक्टर त्याच कंपनीच्या कॉव्हेन्ट्री येथील कारखान्यांत तयार होत. पुढें १९५३ सालीं ट्रायम्फ टी. आर. २ निघाली आणि १९५५ सालीं टी. आर. ३ निघाली. त्या दोहोंनाहि याच घराण्यांतलें, १९९१ घन सेंटिमीटरांचें इंजिन बसविलेलें होतें. म्हणजे शेतांत नांगर ओढणारा एक भाऊ आणि शर्यतींत धांवणारा दुसरा, असा हा प्रकार. हिंदुस्थानांत मद्रासच्या स्टॅन्डर्ड मोटार प्रॉडक्ट्स या १९४८ सालीं निघालेल्या कंपनीनें व्हॅनगार्ड मोटारी जुळविल्या, त्यामुळें या इंजिनाची ओळख आपल्याकडील जुन्या कारागिरांना अगदींच नवी नव्हती.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. कार्तिकांतील एका सोमवारीं अक्कांना औंढा नागनाथाचें दर्शन घ्यावयाचें होतें. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानलेलें हें स्थान आमच्या घरापासून फार दूर नाहीं. पुतण्यानें त्यांना आपल्या शेजारीं बसवून नेलें. दर्शन झालें, आणि दिवस कलतांना दोघें परत निघालीं. वाटेंत एक साधारण चढ लागतो. चढाच्या माथ्यावर उंसानें भरलेली एक ट्रॉली रस्ता ओलांडीत होती. पुतण्यानें ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. नेहमीं पाय काढतांच गाडी ओढ सोडते, त्याप्रमाणें तिनें ती सोडावयास हवी होती. ती सोडीना. पाय मोकळा आणि गाडी मात्र पुढें ओढतेच आहे, असें दिसतांच त्यानें क्लच दाबला. इंजिन क्षणभर मोठ्यानें ओरडलें, आणि मग आपोआप शांत झालें. त्यानें ब्रेक दाबून किल्ली फिरविली. गाडी थांबली तेव्हां ट्रॉलीच्या मागें लोंबणारे उंसाचे शेंडे बोनेटाला लागत होते.

अक्कांनीं एक शब्दहि काढला नाहीं. घरीं येऊन हातपाय धुतल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “दादाच्या हातीं ही गाडी इतकीं वर्षें होती. थांबायची नाहीं, असें कधीं झालें नव्हतें.” त्यांच्या मनांत दोष देण्याचा हेतु नव्हता. परंतु पुतण्या त्या रात्रीं जेवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ओसरीवर सारें घर जमलें. वहिनींचें मत स्पष्ट होतें. यजमानांची आठवण म्हणून गाडी ठेवली खरी. परंतु आठवणीपायीं माणसें घालवावयाचीं नाहींत, तेव्हां ती विकून टाकावी. गाडी मागणारे एक गृहस्थ नांदेडास होतेहि. त्यावर पुतण्यानें जें सांगितलें तें आम्हांला फार योग्य वाटलें. तो म्हणाला, “काका, विकायची तर विकूं. पण दोष कोठें आहे हें कळल्याशिवाय विकणें म्हणजे आपल्या घरचें संकट पैसे घेऊन दुसऱ्याच्या दारीं नेऊन ठेवणें आहे.” त्या बोलण्यावर कोणाला उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं, आधीं दोष शोधावा, मग निर्णय करावा, आणि तोंपर्यंत गाडींत घरच्या कोणाहि माणसानें बसूं नये.

आतां पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत काय काय असतें, हें वाचकांना थोडक्यांत सांगतों. इंजिनाला पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटरांतून मिळतें. कार्ब्युरेटरांत एक पातळ वाटोळी झडप असते. ती जितकी उघडेल तितकें मिश्रण आंत जातें आणि तितकी इंजिनाची ओढ वाढते. आमच्या गाडीला दोन कार्ब्युरेटर आहेत व दोहोंच्या झडपा एका रेषेंतील आंसांवर फिरतात. पेडल दाबलें कीं आडवा दांडा फिरतो, त्याच्या टोकाचा लिव्हर एक बारीक दांडी ओढतो, त्या दांडीच्या दोन्ही टोकांना वाटी-गोळीचे सांधे असतात, आणि ती दांडी झडपेचा लिव्हर फिरविते. पाय काढला कीं स्प्रिंग झडप मिटविते, आणि झडपेचा लिव्हर एका लहान स्क्रूवर येऊन टेकतो. हा अटकावाचा स्क्रू म्हणजे झडपेचा उंबरठा होय. हल्लींच्या मोटारींत हें सारें नाहींसें होऊन पायाचा निरोप विजेच्या तारेनें जातो. परंतु जुन्या मोटारींत पाय आणि इंजिन यांच्यामध्यें लोखंडाचीच निरोप्यांची रांग असते, आणि त्या रांगेंतील एकानें चूक केली कीं निरोप बिघडतो.

पुतण्याचा पहिला संशय अर्थातच कार्ब्युरेटरांवर होता. त्यानें पाने काढून ते उतरविण्याची तयारीहि केली होती. आम्हीं त्याला थांबविलें. आमचें यंत्रशास्त्राचें ज्ञान बेताचें आहे. परंतु जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला, आणि त्या धंद्यानें एक संवय लावली आहे. उत्तर चुकलें म्हणजे सारें पुसून टाकावयाचें नाहीं. कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होतें तें आधीं पाहावयाचें. शिवाय एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशानें गेला हें कधींच कळत नाहीं.

पाय काढल्यावरहि इंजिनाचे फेरे कमी होत नसतील, तर कारणें मुख्यतः तीन. झडप पुरती मिटत नाहीं, हें पहिलें. झडप मिटते, पण कोठल्या तरी फटींतून चोरटी हवा आंत शिरते, हें दुसरें. आणि ठिणगीची वेळ पुढें-मागें करणारीं डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें अडकून राहतात, हें तिसरें. तिन्हींचा परिणाम चालकास सारखाच भासतो, म्हणून त्यांना एकमेकांपासून निवडणें हें पहिलें काम.

झडपेची परीक्षा अगदीं सोपी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचें गेल्या महिन्याचें पान फाडून त्याची एक पट्टी आम्हीं कातरली, आणि ती झडपेचा लिव्हर व अटकावाचा स्क्रू यांच्यामध्यें धरली. झडप मिटली म्हणजे पट्टी चिमटींत धरल्यासारखी घट्ट बसली पाहिजे. ती ओढतांच निघाली, तर झडप उघडी आहे असें समजावें. पुतण्यानें वीस वेळां पेडल दाबून सोडलें. वीसहि वेळां पट्टी घट्ट बसली. मग इंजिन तापवून तेंच केलें. पट्टी घट्टच. दांडीचा सांधा काढून कार्ब्युरेटर वेगळे केले. झडप स्प्रिंगनें टचकन मिटत होती. उलट बाजूनें पेडल व आडवा दांडा हालवून पाहिले. कोठेंहि अडखळत नव्हते. कार्ब्युरेटरांतील दट्ट्या वर उचलून सोडला कीं ठक्क असा आवाज करून खालीं बसे, म्हणजे तोहि अडकत नव्हता. मग पुन्हां सांधा जोडून, इंजिन चालू ठेवून, कार्ब्युरेटर व नळी यांच्या जोडांवर पातळ तेलाचे थेंब सोडले. फट असती तर तेल ओढलें जाऊन इंजिनाची चाल बदलली असती. ती बदलली नाहीं. शेवटीं डिस्ट्रिब्यूटर उघडला. वजनें मोकळीं होतीं. तीन दिवसांत सारे आरोपी एकेक करून निर्दोष सुटले.

चौथ्या दिवशीं एका हितचिंतकानें, झडपेच्या लिव्हरला आणखी एक दांडगी स्प्रिंग लावावी म्हणजे झक मारून मिटेल, असा सल्ला दिला. पुतण्यानें ती लावली. मग मोकळ्या रस्त्यावर तो एकटाच गाडी घेऊन गेला. पेडल इतकें जड झालें कीं पोटरींत गोळा यावा, आणि चढावर दोष पुन्हां एकदां दिसलाच. या उपायाविषयीं येथेंच सांगून ठेवतों. झडप कशानें अडते तें न शोधतां स्प्रिंगचें बळ वाढविणें म्हणजे ताप कां आला तें न पाहतां कपाळावर बर्फ ठेवणें होय. शिवाय जास्तीची ओढ झडपेच्या आंसावर सतत पडून तो एका बाजूस झिजतो, आणि आज नसलेला दुसरा दोष उद्यां उत्पन्न होतो.

येथें आम्ही हताश झालों. प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर चांगला, आणि सगळे मिळून चालूं लागले कीं वाईट. उभ्या गाडींत दोष नाहीं, चालत्या गाडींत आहे. आणि चालत्या गाडीच्या बोनेटाखालीं डोकें घालून कोण पाहणार?

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक वृद्ध मेस्त्री आहेत. मद्रासेच्या टाफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून किती गेले असतील याची मोजदाद नाहीं. पांचव्या दिवशीं ते आपण होऊन आले. त्यांनीं गाडीला हात लावला नाहीं. ओट्यावर बसून त्यांनीं पुतण्याकडून त्या सोमवारची हकीकत पहिल्यापासून ऐकली. क्लच दाबल्यावर इंजिन ओरडलें आणि मग आपोआप शांत झालें, हें ऐकतांच त्यांनीं हात वर केला.

“थांबा, मालक. पाय तर आधींच काढलेला होता. मग शांत कशानं झालं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलें. पांच दिवस ही गोष्ट आम्ही दहा जणांना सांगत होतों, आणि तिच्यांतला हा प्रश्न कोणालाच दिसला नव्हता. क्लच दाबल्यानें एकच गोष्ट बदलली होती. इंजिनावरचा भार गेला होता. म्हणजे दोष भाराबरोबर येत होता आणि भाराबरोबर जात होता.

मेस्त्री पुढें म्हणाले, “आमच्या ट्रॅक्टरला असला घोर न्हाई. तिथं इंजिनच चासी असतं. हलायला जागाच न्हाई. तुमचं इंजिन कशावर बसवलंय?”

त्यांचें बोलणें अक्षरशः खरें होतें. फर्ग्युसनच्या त्या करड्या ट्रॅक्टरापासून चालत आलेली रचनाच अशी कीं, इंजिन, गियरपेटी आणि मागचा आंस हीं एकमेकांस बोल्टांनीं आवळून त्यांचाच कणा बनविलेला असतो. वेगळी चौकट नसते. मोटारींत मात्र इंजिन चौकटीवर रबराच्या गाद्यांवर बसवितात, म्हणजे त्याचा थरथराट आंत बसणाऱ्यांना लागत नाहीं. चक्रें फिरविण्यासाठीं इंजिन जोर लावतें, तेव्हां त्या जोराच्या उलट दिशेनें तें स्वतः थोडेसें एका कुशीवर कलतें. पेडल, आडवा दांडा आणि त्याचा लिव्हर हे गाडीच्या अंगाला जडलेले असतात. कार्ब्युरेटर इंजिनाला जडलेले असतात. दोहोंना जोडणारी ती बारीक दांडी म्हणजे स्थिर काठ आणि हलती नाव यांना बांधणारी दोरी. नाव जास्त हलली आणि दोरी आंखूड असली, तर दोरी ताणली जाणारच.

मेस्त्रींनीं इंजिन बंद ठेवावयास सांगितलें, चाकांना दगड लावविले, आणि दिनदर्शिकेची ती पट्टी पुन्हां अटकावाच्या स्क्रूखालीं धरावयास लावली. मग इंजिनाच्या एका अंगाखालीं जॅक व त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यांनीं तें अंग हळूहळू वर उचलण्यास आरंभ केला. इंजिन बोटभरहि उचललें गेलें नव्हतें, तोंच पट्टी सुटून खालीं पडली. पेडलला कोणाचाहि पाय लागलेला नव्हता.

पुढचें काम सरळ होतें. कंदील घेऊन खालीं पाहिलें तेव्हां एका बाजूच्या गादीचें रबर इंजिनांतून पाझरणाऱ्या तेलानें वर्षानुवर्षें भिजून मऊ पडलेलें व चिरलेलें दिसलें. त्यामुळें इंजिन नको तितकें कलत होतें. चढावर पाय दाबला कीं इंजिन कले, दांडी ताणली जाई आणि झडप आणखी उघडे. पाय काढला तरी ताणलेली दांडी झडप मिटूं देत नसे. झडप उघडी म्हणून इंजिनाचा जोर कायम, आणि जोर कायम म्हणून इंजिन कललेलेंच. चोरानें पहारेकऱ्याला बांधून ठेवावें आणि पहारेकऱ्यानें चोराला सोडूं नये, असा तो पेंच. क्लच दाबतांच जोर नाहींसा झाला, इंजिन सरळ झालें, दांडी सैल पडली आणि पेंच सुटला.

परंतु रबर कांहीं एका दिवसांत मऊ झालेलें नव्हतें. दादांच्या वेळींहि तें बरेंचसें तसेंच असलें पाहिजे. मग तेव्हां हा दोष कां नव्हता? हा प्रश्न मेस्त्रींनीं विचारला, आणि पुतण्या खालीं मान घालून म्हणाला, “दांडी मी आंखूड केली, काका. गेल्या उन्हाळ्यांत.”

गोष्ट अशी कीं, दादांच्या वेळीं पेडल प्रथम किंचित् दाबलें तर कांहींच होत नसे. नंतर इंजिन पाय ओळखूं लागे. पुतण्याला हा आळस वाटला. दांडीच्या टोकाचा आटा फिरवून त्यानें तिची लांबी इतकी कमी केली कीं, पाय लागतांच झडप हालावी. गाडी तल्लख झाली, त्याला समाधान वाटलें, आणि तो तें विसरूनहि गेला. त्या दांडींत ढील होती तोंवर इंजिन कललें तरी ती ढील संपेपर्यंत झडपेला कळत नसे. ढील काढली, आणि इंजिनाचा प्रत्येक झोका झडपेपर्यंत जाऊन पोंचला.

संध्याकाळीं वहिनींनीं गाडीच्या हत्यारांच्या गुंडाळींतून दादांची एक जुनी वही काढून दिली. पुतण्यानें ती पाहिलेली होती. पण पहिलीं चाळीस पानें पेट्रोलच्या हिशेबाचीं असल्यामुळें पुढें उलटली नव्हती. पुढच्या पानांवर पेन्सिलीनें दुरुस्तीचीं टिपणें होतीं. त्यांत एक ओळ होती, पाय मोकळा असतां दांडींत नखभर ढील ठेवावी, काढूं नये. कां, तें लिहिलेलें नव्हतें. दादांना तें बहुधा इतकें उघड वाटलें असावें कीं, लिहिण्याची जरूरी भासली नाहीं.

पुतण्यानें ती ओळ दोनदां वाचली आणि वही अक्कांच्या हातीं दिली. अक्कांनीं चष्मा लावून ती पाहिली, आणि म्हणाल्या, “त्यानं सांगायला हवं होतं. तूं विचारायला हवं होतंस. झालं तें झालं. आतां जेवायला चल.”

सहाव्या दिवशीं दोन्ही बाजूंच्या गाद्यांना नवीं रबरें बसविलीं, कारण एक नवें व एक जुनें ठेवलें तर इंजिन वांकडेंच बसतें. तेल जेथून पाझरत होतें तेथील पॅकिंग बदललें. इंजिन आपल्या जागीं नीट बसल्यावर, आणि झडप पुरती मिटलेली असतां, दांडीची लांबी अशी ठरविली कीं सांध्यांत सुमारें अर्धा मिलिमीटर ढील राहावी. मग पेडल तळाशीं दाबून झडप पुरी उघडते कीं नाहीं तें पाहिलें. जास्तीची स्प्रिंग काढून टाकली. वाटी-गोळीचे सांधे पुसून त्यांना नवें तेल दिलें. जुन्या वंगणाचा इंजिनाच्या उष्णतेनें डांबरासारखा गोळा झाला होता. सर्व झाल्यावर मेस्त्रींनीं पुन्हां जॅक लावला. इंजिन तितकेंच उचललें तरी पट्टी जागची हालली नाहीं. मजुरी विचारली, तेव्हां त्यांनीं त्या दोन रबरांची किंमत तेवढी घेतली; आपल्याच ट्रॅक्टराच्या भावाला पाहावयास मिळालें, असें म्हणून ते हंसले.

परीक्षेसाठीं आम्ही स्वतः पुतण्याशेजारीं बसून त्याच रस्त्यानें औंढ्यापर्यंत गेलों. त्या चढावर त्यानें पांच वेळां पाय काढला आणि पांचहि वेळां गाडीनें ओढ सोडली. औंढ्याच्या परिसरांतच गुरुत्वलहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारावयाची आहे. तिच्यासाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांस मंजुरी दिली. अमेरिकेंतील तिच्या वडील भावंडांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी लहर प्रथम टिपली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी तो ओळखावयाचा, असें तें काम. सामान्य माणसास वाटेल कीं, इतकें सूक्ष्म मोजावयाचें तर आरसे खडकांत पक्के चिणून टाकले असतील. प्रत्यक्षांत तेथील चाळीस किलोंचे आरसे एकाखालीं एक अशा चार पायऱ्यांच्या लोलकांवर, कांचेच्या बारीक तंतूंनीं टांगलेले असतात. जमीन सदैव थरथरत असते. तिचा थरथराट आरशापर्यंत पोंचूं नये म्हणून त्याला जमिनीपासून मोकळें ठेवावें लागतें. नखभर ढिलीचें महत्त्व दादांनीं वसमतच्या अंगणांत जाणलें होतें, तेंच जगांतील अत्यंत सूक्ष्म यंत्राच्या रचनाकारांनीं आपल्या रीतीनें जाणलें आहे, हें पाहून त्या संध्याकाळीं आम्हांला दादांची फार आठवण झाली.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी येथें एकत्र सांगून ठेवतों. चालत्या गाडीची ओढ पाय काढूनहि सुटली नाहीं, तर घाबरून पेडलशीं झटापट करूं नये. आधीं क्लच दाबावा, मग ब्रेक, आणि गाडी आंवरली कीं किल्ली फिरवावी. ज्या मोटारींत किल्ली पुरती काढतांच सुकाणूचक्र अडकतें, तींत गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर ओढूं नये. पायाखालीं नवी गालिचाची किंवा रबराची पट्टी टाकली असेल तर प्रथम तीच काढून पाहावी. कित्येकदां दोष तेवढाच असतो. झडप मिटविणारी स्प्रिंग झडपेच्या आंसावरच असावी, म्हणजे मधली दांडी तुटली तरी झडप आपोआप मिटते. आणि दोष उभ्या गाडींत दिसत नसेल, तर तो नाहीं असें समजूं नये. चालतांना काय बदलतें याचा विचार करावा.

घरचा निर्णय काय झाला, हें सांगावयाचें राहिलें. नांदेडच्या गृहस्थांना पुतण्यानें स्वतः पत्र लिहून सर्व हकीकत कळविली व गाडी विकावयाची नाहीं असें सांगितलें. दादांच्या वहींत त्या ओळीखालीं त्यानें पेन्सिलीनें ‘कां’ तें चार वाक्यांत लिहून ठेवलें आहे, आणि खालीं दिनांक घातला आहे. पुढच्या कार्तिकांत औंढ्याला कोणीं नेऊन आणावयाचें असा विषय परवां निघाला, तेव्हां अक्कांनीं देवघरांतूनच सांगितलें कीं, त्या त्याच गाडींतून जातील, मात्र चढाच्या आधीं त्याला एकदां आठवण करून देतील.